नवी छोटी मोटरबोट घेताना डीलरशी भाव कसा करायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोसीखुर्द, इटियाडोह, असोलामेंढा, अप्पर वर्धा या जलाशयांच्या काठावरच्या मच्छीमार सोसायट्या, बचत गट आणि बोटिंगचा धंदा सुरू करू पाहणारी तरुण मंडळी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एका जागी घेतले आहेत. बोट म्हणजे इथे चौदा ते अठरा फुटी फायबरची, मागे पेट्रोलचं आउटबोर्ड इंजिन लावलेली, सहा-आठ माणसं किंवा जाळं आणि मासळी नेणारी बोट समजावी. मोठ्या प्रवासी लाँचचा हिशेब निराळा असतो, तो इथे घेतलेला नाही.

१. बोटीला भाव करता येतो का? की मोटारसायकलसारखा ठरलेलाच असतो?

करता येतो, आणि करायलाच हवा. शोरूममध्ये गाडीचा दर भिंतीवर लावलेला असतो. बोटीची बॉडी एका यार्डात साच्यातून निघते, इंजिन परदेशातून आलेलं असतं, ट्रेलर तिसऱ्याच कोणीतरी वेल्डिंग करून दिलेला असतो. डीलर या सगळ्याची मोट बांधून एकच आकडा सांगतो. त्या आकड्यात कोणाचे किती, हे त्यालाच माहीत. मोट सोडवून घेतली की भाव करायला जागा दिसू लागते.

२. भाव नेमका कशाचा करायचा?

आपल्या जलाशयावर उतरवलेल्या, चालू करून दाखवलेल्या आणि कागदपत्रांसह ताब्यात दिलेल्या बोटीचा. यार्डाच्या फाटकाचा भाव ऐकून खूश होऊ नका. डीलर बहुतेक किनाऱ्यावरचे, मुंबई-गोवा-कोची-विशाखापट्टणमकडचे, आणि बोट यायची पवनीला किंवा अर्जुनी मोरगावला. मधलं अंतर कोणाच्या खिशातून जाणार, हे आधीच ठरवायचं.

पोहोच भावात या गोष्टी सुट्या लिहून घ्या: बॉडी, इंजिन, स्टिअरिंग आणि रिमोट कंट्रोल असेल तर त्याचे, बॅटरी, पेट्रोलची टाकी आणि नळी, ट्रेलर, लाइफ जॅकेटं, नांगर आणि दोर, भाडं, वाटेतला विमा, चढवण्या-उतरवण्याचा खर्च, बसवणी, ट्रायल, जीएसटी. यातली एकही ओळ ‘ते आपण बघून घेऊ’ म्हणून मोकळी राहू देऊ नका. मोकळी राहिलेली ओळ पुढे जाऊन तुमच्याच खात्यात पडते. लाइफ जॅकेटांबद्दल तर घासाघीस नकोच. २०२१ साली वरुड तालुक्यात श्रीक्षेत्र झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जण गेले. जितकी माणसं बसणार तितकी जॅकेटं, लहान मुलांच्या मापाची वेगळी, आणि प्रमाणित मालच.

३. आधी परवानगी काढायची की आधी बोटीचा भाव करायचा?

भाव विचारायला काही लागत नाही, खुशाल विचारा. इसार मात्र परवानगीचा अंदाज आल्याशिवाय देऊ नका. जलाशय पाटबंधारे खात्याचा, पूर्व विदर्भात बहुतेक ठिकाणी विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाचा. मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय खात्यामार्फत संस्थेकडे असतो. पर्यटनाची बोट चालवायची तर या दोघांशीही बोलणं आलं. जवळपास व्याघ्र प्रकल्प असेल, पेंच किंवा नवेगाव-नागझिरा, तर वनखात्याचा शब्द शेवटचा. ‘पर्मिशनचं टेन्शन घेऊ नका’ असं डीलर म्हणाला तर त्याला एवढंच विचारा की परवानगी नाकारली तर इसार परत देणार काय, आणि दिलेलं उत्तर कोटेशनवर लिहून मागा.

४. कोटेशनं किती घ्यायची आणि कशी मागायची?

तीन पुरेत. पाच-सात जमा केली की प्रत्येकाचं माप वेगळं निघतं आणि तुलनाच होत नाही. सगळ्यांना एकच मजकूर पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर असा चालतो:

‘१६ फुटी फायबर बोट, ६ माणसांची, ९.९ एचपी आउटबोर्डसह. वापर मासेमारीसाठी. पोहोच गोसीखुर्द धरण, तालुका पवनी, जिल्हा भंडारा. बॉडी, इंजिन, ट्रेलर, भाडं, बसवणी आणि जीएसटी प्रत्येकी वेगळं लिहून, एचएसएन कोडसह कोटेशन पाठवा. बॉडीचं वजन, फायबरच्या थरांची संख्या, इंजिन लावायच्या मागच्या फळीत काय वापरलं आणि बुडू नये म्हणून फोम भरला आहे का, तेही लिहा.’

एचएसएन म्हणजे कोणत्या वस्तूला किती कर ते ज्यावरून ठरतं तो जीएसटीचा कोड (प्रश्न ९ पाहा). मजकुरातलं शेवटचं वाक्य मुद्दाम घातलेलं आहे. दोन बोटी बाहेरून सारख्याच दिसतात, पण एकीचं वजन दुसरीपेक्षा बरंच कमी भरतं. हलकी बॉडी स्वस्त पडते कारण तिच्यात मॅट (काचतंतूची चटई) आणि रेझिन (ती घट्ट करणारं रसायन) कमी गेलेलं असतं. हे प्रश्न विचारणाऱ्याला डीलर जरा जपूनच आकडा सांगतो.

५. कोणत्या गोष्टीत किती सुटतं? टक्का सांगा.

टक्का सांगण्यात अर्थ नाही, तो डीलर आणि महिना पाहून बदलतो. क्रम मात्र जवळपास पक्का आहे. इंजिनात सर्वात कमी सुटतं. यामाहा, सुझुकी, मर्क्युरी, होंडा या कंपन्यांचे दर वरून येतात, डीलरच्या हाती थोडंच असतं. तिथे डोकं फोडून घेऊ नका. बॉडीत जास्त जागा असते, कारण बॉडी बहुधा डीलरची स्वतःची किंवा ओळखीच्या यार्डाची. त्याहून जास्त जागा ट्रेलर, बसवणी आणि ‘अ‍ॅक्सेसरीज’ या गोल शब्दात असते. ट्रेलर तर आपल्याकडे भंडाऱ्यात, नागपुरातही बनतो. मोजमाप देऊन स्थानिक फॅब्रिकेटरचा दर आधी काढून ठेवा, मग डीलरच्या ओळीशेजारी तो आकडा ठेवून बोला. फक्त ट्रेलर रस्त्यावर ओढायचा असेल तर आरटीओच्या नियमात बसणारा हवा. नुसता यार्डापासून पाण्यापर्यंतचा गाडा आणि रस्त्याचा ट्रेलर या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्यांचे भावही वेगळे.

६. डीलर म्हणतो २५ एचपीच घ्या, ९.९ मध्ये मजा नाही. खरं काय?

मजा त्याला आहे. जाळं टाकायला, मासळी काठाला आणायला, सहा माणसं सावकाश फिरवायला पाच ते दहा एचपी बहुतेक ठिकाणी भागतं. भरलेली बोट पाण्यावर उचलून वेगात पळवायची असेल तर मोठं इंजिन लागतं, आणि मग पेट्रोलही त्याच हिशेबाने जातं. बॉडीवर किती एचपीपर्यंत चालेल ते बनवणाऱ्याने लिहिलेलं असतं, त्याच्या वर जायचं नाही. मोठं इंजिन मागच्या फळीला तडा देतं.

एक बारीक गोष्ट नेहमी राहून जाते. आउटबोर्डच्या शाफ्टची, म्हणजे इंजिनापासून खाली पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याची, लांबी साधारण १५ इंच किंवा २० इंच अशी येते, आणि ती बोटीच्या मागच्या फळीच्या उंचीला जुळावी लागते. शिल्लक पडलेलं लांब शाफ्टचं इंजिन डीलर ‘स्वस्तात देतो’ म्हणून पुढे करतो. आपल्या जलाशयांत उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांची खुंटं वर येतात, तिथे हे लांब शाफ्ट आधी आपटतं. फळी मोजा, मग इंजिन बोला.

७. समोर बसल्यावर बोलायचं काय? आम्हाला शहरी माणसासारखं इंग्रजीत बोलता येत नाही.

इंग्रजी लागत नाही. बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव करणाऱ्या माणसाला बोटीच्या दुकानात घाबरायचं कारण नाही, फक्त इथे रुमाल काढून सगळं कागदावर करायचं. पवनीकडच्या एका सोसायटीच्या सचिवाचं डीलरशी झालेलं बोलणं असं होतं:

‘साहेब, तुमच्यासाठी दहा हजार सोडतो. आजच बुकिंग करा.’

‘दहा हजार राहू द्या भाऊ तुमच्यापाशीच. ट्रेलर केवढ्याचा लावला थे सांगा.’

‘ट्रेलर पॅकेजमध्ये आहे.’

‘पॅकेज खोला ना मंग. आमाले सूट नाही पायजे, हिसाब पायजे.’

पॅकेज खोललं तेव्हा ट्रेलर आणि बसवणी मिळून सुटलेल्या दहा हजारांपेक्षा बरंच जास्त लावलेलं निघालं. सचिवाने ट्रेलर वगळला, बसवणीची ओळ अर्ध्यावर आणली आणि इंजिनाला हातच लावला नाही.

यातून घ्यायचं ते एवढंच: आधी आकडा आपण बोलायचा नाही, ‘बजेट किती’ या प्रश्नाला ‘तुमचा कागद पाहून सांगतो’ म्हणायचं, आणि बोलून झालं की गप्प बसायचं. शांतता डीलरला सोसत नाही, तो स्वतःच काहीतरी सोडतो. दोघांनी जावं. एकाने बोलावं, दुसऱ्याने लिहावं. निर्णय गावातल्या बैठकीत होणार असेल तर तसं स्पष्ट सांगा. ‘आजच बुक करा’चा जोर तिथेच ओसरतो.

८. कोणत्या महिन्यात गेलं तर भाव चांगला मिळतो?

मार्चअखेर बरी. विक्रीचं वर्ष संपत असतं आणि डीलरला आकडा भरायचा असतो. वर्ष बदलताना, डिसेंबर-जानेवारीत, मागच्या वर्षाच्या इंजिनांवर सूट निघते (त्याबद्दल प्रश्न १७ पाहा). पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या काळात यार्डं समुद्राच्या बोटींच्या डागडुजीत गुंतलेली असतात, म्हणून नव्या ऑर्डरचा वायदा लांबतो. सर्वात वाईट वेळ दिवाळीच्या आधीची. जलाशय भरलेले, पर्यटक येणार, आणि आपल्याला घाई आहे हे डीलरला कळलेलं असतं. उन्हाळ्यात ठरवून पावसाळ्यानंतर पाणी चढल्यावर बोट उतरवायची, हा क्रम आपल्याकडच्या कामाच्या गतीला बरा बसतो.

९. एक डीलर जीएसटी ५ टक्के लावतो, दुसरा ४० टक्के. बरोबर कोण?

दोघेही बरोबर असू शकतात. सगळी बचत किंवा सगळा गोंधळ इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

कर बोटीच्या प्रकारावर ठरतो. मासेमारीची बोट एचएसएन ८९०२ मध्ये येते, तिला ५ टक्के. माणसं किंवा माल नेणाऱ्या फेरीच्या आणि सहलीच्या बोटी ८९०१ मध्ये, त्यांनाही ५ टक्के. मौजेच्या आणि खेळाच्या बोटी ८९०३ मध्ये जातात, त्यांना २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे, त्याआधी २८ होता. म्हणजे करापूर्वीची किंमत ४,००,००० असेल तर एका कोडखाली बोट ४,२०,००० ला पडते आणि दुसऱ्याखाली ५,६०,००० ला. या १,४०,००० पुढे डीलरने सोडलेल्या दहा-वीस हजारांची काय मातब्बरी?

म्हणून कोटेशनवर एचएसएन कोड असलाच पाहिजे. जाळं ओढायला मोकळी जागा, मासळीचा कप्पा, साधी बाकं अशी बोट मासेमारीची म्हणून उभी राहते. गादीच्या खुर्च्या, म्युझिक सिस्टिम आणि स्टेनलेसचे कठडे लावलेली सहा आसनी स्पीडबोट कोणी मासेमारीची म्हणणार नाही. ती पर्यटकांना तिकीट लावून फिरवणार असाल तर ८९०१ की ८९०३, यावर वाद होऊ शकतो. अशा वेळी डीलरच्या तोंडी भरवशावर राहू नका, सीएकडून लेखी मत घ्या. इंजिन वेगळ्या बिलावर सुटं घेतलं तर त्याच्या कराचा दर वेगळा लागू शकतो, तेव्हा बॉडी-इंजिन एका बिलात की दोन, हेही त्याच बैठकीत विचारून घ्या.

तुमचा धंदा जीएसटीत नोंदलेला असेल तर आणखी एक गोष्ट. बोटीवर भरलेला कर साधारणपणे वळता होत नाही, म्हणजे धंद्यात पुढे भरायच्या जीएसटीतून वजा करता येत नाही, पण ती पैसे घेऊन प्रवासी नेण्यासाठी वापरत असाल तर कायद्यात तो वळता करायची मुभा आहे. सीएकडे जाणारच आहात तर हा प्रश्नही सोबत न्या.

१०. बोट पर्यटनासाठीच आहे, पण डीलर मासेमारीचं बिल बनवून देतो म्हणतो. घ्यावं का?

नाही. बिलावर तुमचं नाव असतं. उद्या नोंदणीला, विम्याला आणि अपघात झालाच तर दाव्याला हेच बिल लागतं. बिलावर मासेमारी आणि बोटीत सहा पर्यटक, असं दिसलं की विमा कंपनीला पैसे नाकारायला आयतं कारण मिळतं. वर करचुकवेगिरीचा ठपका. डीलर तोवर पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेलेला असतो.

११. आणि कच्च्या बिलावर, रोखीत स्वस्त देतो म्हणाला तर?

तेच उत्तर. शिवाय २ लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्याने बंदी आहे. पैसे फर्मच्या खात्यात, पावती फर्मच्या नावाची.

१२. पैसे कमी करून घ्यावेत की वस्तू मागाव्यात?

पैसे कमी होईनासे झाले की वस्तू मागाव्यात, आणि आपल्या पाण्याला उपयोगी पडतील त्याच. पहिली वस्तू म्हणजे जादा प्रोपेलर, इंजिनाचा पाण्यातला पंखा. गोसीखुर्दच्या पाण्याखाली झाडं, बांध, जुन्या घरांच्या भिंती आहेत. प्रोपेलर आज ना उद्या आपटणारच, आणि तो मागवायला गेलं की दहा दिवस बोट काठाला. मग शिअर पिनची (पंखा आपटला की आधी तुटून इंजिन वाचवणाऱ्या पिनची) पुडी, स्पार्क प्लग, पाण्याच्या पंपाचा इम्पेलर, इंधनाचा फिल्टर. जलकुंभी असलेल्या पाण्यात इंजिन थंड करणाऱ्या पाण्याचं तोंड तुंबतं, म्हणून इम्पेलर हाताशी असलेला बरा. नागपूरचं सांडपाणी घेऊन नागनदी कन्हानमार्गे वैनगंगेला येते, तेव्हा त्या अंगाला ही वेल किती माजते ते काठावरच्यांना सांगायला नको.

ताडपत्रीचं चांगलं कव्हरही मागा. आपल्याकडचा मे महिना फायबरचा रंग खातो. मोफत टोप्या, टी-शर्ट आणि कूलबॉक्स मात्र डीलरलाच राहू द्या.

१३. इसार किती द्यायचा आणि बाकीचे पैसे कधी?

जमेल तितका कमी. डीलर निम्मे मागतो, कारण त्याला तुमच्याच पैशाने इंजिन उचलायचं असतं. तीन टप्पे ठरवा: थोडा इसार, बॉडी यार्डात तयार झाल्यावर पाहून मोठा हप्ता, आणि शेवटचा हप्ता जलाशयावर ट्रायल झाल्यावर. तो शेवटचा हप्ता डोळ्यांत भरेल इतका असू द्या. पाच हजार राहिले असतील तर डीलर पुन्हा फिरकत नाही; पन्नास हजार राहिले तर मेकॅनिक स्वतः फोन करतो. दोन हजारांची सूट सोडली तरी चालेल, हा हप्ता सोडू नका.

इसाराच्या पावतीवर एकूण भाव, काय काय त्यात आहे, तारीख आणि न दिल्यास काय, हे हवं. ‘रुपये अमुक बोटीपोटी मिळाले’ एवढ्या पावतीवर पुढे काहीच सिद्ध होत नाही.

१४. भाडं कोणी द्यायचं? वाटेत तुटफूट झाली तर?

भाडं कोणीही द्या, पण वाटेतली जबाबदारी डीलरची राहू द्या. ‘यार्डातून माल निघाला की आमचा संबंध नाही’ असं छापील कलम कोटेशनच्या मागे असतं, ते खोडून सही घ्या. ट्रक रिकामा परत जाणार म्हणून डीलर दोन्ही बाजूंचं भाडं लावतो. नागपूरकडे माल आणणाऱ्या ट्रान्सपोर्टरचा दर स्वतः विचारून पाहा, बऱ्याचदा एका बाजूचाच लागतो. दुसऱ्या राज्यातून ५०,००० वरचा माल यायचा तर ई-वे बिल (जीएसटीचं ऑनलाइन काढायचं मालवाहतुकीचं कागदपत्र) लागतं, ते डीलरनेच काढायचं. उतरवताना क्रेन लागणार की दहा माणसांत भागणार, हे बॉडीच्या वजनावर ठरतं, आणि ते वजन तुम्ही प्रश्न ४ मध्येच विचारलेलं आहे.

१५. ट्रायलमध्ये काय पाहायचं?

ड्रममध्ये इंजिन चालू करून दाखवणं म्हणजे ट्रायल नाही. जलाशयावर, ठरलेली सगळी माणसं किंवा तितक्या वजनाची रेतीची पोती भरून, किमान अर्धा तास. इंजिनच्या मागून पाण्याची बारीक धार सतत पडत राहिली पाहिजे. ती थांबली तर थंडाव्याचं पाणी फिरत नाही. मागच्या फळीला इंजिन पूर्ण जोरात असताना हात लावून पाहा, फळी हलली तर तिथेच बोला. बोट काठाला लावल्यावर आतलं पाणी कोरडं करा आणि तासाभराने पुन्हा पाहा. बॉडीवर नाण्याने ठोकत जा, एखाद्या जागी आवाज पोकळ आला तर आत थर सुटलेला असू शकतो. हे सगळं झाल्यावर शेवटचा हप्ता. नव्या इंजिनाला पहिले काही तास जपून, कंपनीच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे चालवायचं असतं, म्हणून ट्रायलच्या उत्साहात पोरांच्या हाती थ्रॉटल देऊ नका.

१६. वॉरंटी भावात धरायची का?

धरायची, पण आधी वाचायची. आउटबोर्डची वॉरंटी घरगुती वापराला जास्त आणि धंद्याच्या वापराला बरीच कमी असते. डीलर सांगतो ती पहिली, तुम्हाला लागू होते ती दुसरी. आणि सर्व्हिस कुठे? इंजिन गोव्याला पाठवावं लागणार असेल तर त्या वॉरंटीची किंमत आपल्याला शून्य. पहिली सर्व्हिस जलाशयावर येऊन, मेकॅनिकच्या येण्याजाण्याच्या खर्चासह, भावातच बसवून घ्या. नागपुरात त्या कंपनीचं काम जाणणारा मेकॅनिक आहे का, हे डीलरला न विचारता दुसऱ्या बोटवाल्याला विचारा. रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर बोटी चालतात, तिथे चहा प्यायला बसलात तरी बरीच माहिती मिळते.

१७. डेमोची बोट किंवा मागच्या वर्षीचं इंजिन ‘नवंच आहे’ म्हणून मिळतंय. घ्यावं?

घेता येतं, भाव तसा असेल तर. इंजिनाच्या नंबरवरून बनल्याचं साल कळतं, तो नंबर कंपनीच्या हेल्पलाइनला सांगून खात्री करा. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून सुरू होणार की डीलरने कागदोपत्री आधीच विकून टाकलंय, हा खरा प्रश्न. डेमोच्या बोटीत रबरी नळ्या, इम्पेलर आणि बॅटरी बदलून मागा. चालवलेले तास लिहून घ्या. एवढं करून सूट किरकोळ निघत असेल तर नवंच घ्या.

१८. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतून अनुदान येणार आहे. मग भाव कशाला करायचा?

उरलेले पैसे तुमचेच आहेत म्हणून. २०२० साली सुरू झालेल्या या योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के मदत धरलेली आहे. मासेमारी करणारा ढिवर समाज महाराष्ट्रात भटक्या जमातींत येतो, अनुसूचित जमातींत नाही. त्यामुळे पुरुषाच्या नावाने अर्ज असेल तर ४० चाच हिशेब, आणि इथे बऱ्याच जणांची निराशा होते. महिला मच्छीमाराच्या नावाने अर्ज असेल तर ६०.

आता हिशेब पाहा. बोट ५,००,००० ला घेतली आणि ४० टक्के मिळाले तर पदरचे ३,००,००० गेले. तीच ४,४०,००० ला घेतली तर २,६४,०००. भाव केल्याचे ३६,००० तुमच्याच घरात राहिले. डीलरला योजनेतला मंजूर खर्चाचा आकडा पाठ असतो आणि त्याचं कोटेशन नेमकं त्याच आकड्यावर येऊन थांबतं. म्हणून भाव ठरेपर्यंत योजनेचं नाव काढू नका. दुसरी गोष्ट, मंजुरीपत्र हाती येण्याआधी खरेदी करू नका. आधीच्या तारखेचं बिल घेऊन मग अनुदानासाठी चपला झिजवणारे प्रत्येक तालुक्यात सापडतील.

१९. सोसायटीला तीन बोटी हव्यात. एकत्र घेतल्या तर?

भाव सुटतो, विशेषतः भाड्यात, कारण एका ट्रकमध्ये दोन-तीन बॉड्या एकात एक बसतात. पण तिन्हींचे पैसे एकदम देऊ नका. पहिली बोट उतरवून ट्रायल घ्या, मग बाकीच्या, भाव मात्र तिन्हींचा आजच बांधून. शेजारच्या सोसायटीलाही विचारा. खरेदी ग्रामपंचायतीच्या किंवा शासकीय निधीतून असेल तर ही मोकळीक नाही, तिथे खरेदीचे नियम पाळावे लागतात. ग्रामसेवकाला आधी गाठा.

२०. ‘नोंदणी, सर्व्हे, सगळं आम्ही करून देतो’ म्हणून वेगळे पैसे मागतात. द्यावेत?

काय करून देणार ते लिहून दिलं तर द्यावेत. अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ नुसार इंजिनावर चालणाऱ्या बोटीला सर्व्हे (बोटीची तपासणी), नोंदणी आणि विमा हे सोपस्कार आहेत. आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे येतं. मासेमारीच्या बोटीसाठी आधी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. सरकारी फी आणि डीलरचा मेहनताना वेगळा लिहून मागितला की आकडा आपोआप खाली येतो. पॅकेज घ्या वा घेऊ नका, बॉडी बांधल्याचा दाखला, आराखडा, आणि इंजिन नंबर असलेलं बिल हे तीन कागद भावातच धरलेले असावेत. ते नंतर मागायला गेलात तर डीलर पुन्हा पैसे मागतो.

२१. इसार दिल्यावर डीलर म्हणतो डॉलर वाढला, इंजिन महागलं. आता?

पावती कशी लिहिली आहे त्यावर आहे. ‘ताबा देतेवेळच्या दराने’ असं बारीक अक्षरात असेल तर तुमची बाजू लंगडी, म्हणून सही करण्याआधी ते खोडायचं. भाव बांधलेला असेल तर ठाम राहा. खरंच वाढ झाली असेल तर कंपनीचं जुनं आणि नवं दरपत्रक मागा, आणि वाढ फक्त इंजिनाच्या ओळीत धरा. बॉडी रत्नागिरीत बनली, तिला डॉलर लागत नाही. सरकारने कराचा दर बदलला असेल तर बहुधा बिलाच्या दिवशीचा दर लागतो. वाढला तर तुम्ही द्याल, मग घटला तर फायदाही तुमचाच, हे आधीच लिहून ठेवा.

२२. बोट आली, पण ठरल्यापेक्षा हलकी निघाली. डीलर फोन उचलत नाही. तक्रार कुठे?

आधी उतरवतानाचे फोटो, वजनकाट्याची पावती आणि कोटेशन एकत्र करा. डीलरला लेखी कळवा, रजिस्टर्ड पोस्टाने. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. मग जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार तिथे चालते आणि राहत्या जिल्ह्यातच करता येते, डीलरच्या गावी जावं लागत नाही. ‘बोट धंद्यासाठी घेतली, तुम्ही ग्राहक नाही’ असा युक्तिवाद डीलरचा वकील करणारच. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू कायद्याने त्या अपवादातून वगळलेली आहे, म्हणून तक्रारीत उपजीविकेचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात करा. शेवटचा हप्ता हातात राखला असेल (प्रश्न १३) तर बहुधा इथवर यावंच लागत नाही.

२३. गावातलाच ओळखीचा माणूस कमिशनवर बोट आणून देतो म्हणतो. डीलरपेक्षा स्वस्त सांगतोय.

त्याला कमिशन कोण देतंय ते विचारा. डीलर देत असेल तर ते तुमच्याच भावात बसलेलं आहे, आणि तो तुमच्या बाजूने घासाघीस करणार नाही. तुम्ही देणार असाल तर रक्कम आधी ठरवा, टक्क्यात ठरवू नका. टक्क्यात ठरवली की बोट महाग होण्यात त्याचा फायदा. बिल डीलरकडून थेट तुमच्या नावावर, पैसे थेट डीलरच्या खात्यात. त्याचा मेहनताना ट्रायल झाल्यावर त्याच्या हातात द्या. एवढ्यावर तो तयार असेल तर खुशाल घ्या त्याची मदत, मुंबईच्या खेपा वाचतील.